पुंगळ्यांचा ऑक्टोबर

इथला पाऊस पडत नाही, असतो. ऑक्टोबरात तो एकदा वॉशिंग्टन राज्यातल्या आमच्या बॉथेलमध्ये येऊन बसला की एप्रिलपर्यंत उठत नाही. तो यायच्या आत उरकायची माझी कामं ठरलेली आहेत. पन्हळीतली पानं काढायची, हीटरचा फिल्टर बदलायचा, गाडीचे वायपर बघायचे, बागेतल्या नळाला थंडीची टोपी घालायची आणि सगळ्यात शेवटी गॅरेज. गॅरेज शेवटी ठेवते, कारण तिथे गेलं की काम संपत नाही. ओला पुठ्ठा, मशीनचं तेल आणि त्या दोन्हींच्या खाली पितळेचा तो तुरट, हाताला धरून राहणारा वास. यंदाही दार वर सरकलं, वास आला, आणि त्याच्यामागून दोन हजार चारचा ऑक्टोबर आला.

त्या ऑक्टोबरात आमचा ओंकार इराकमध्ये होता आणि मी काडतुसं भरायचं सामान निवडत होते.

या दोन गोष्टी एका वाक्यात आल्या की लोक दचकतात. तेव्हाही दचकायचे. मला त्यांचा एकमेकींशी संबंध अगदी सरळ दिसत होता, अजूनही दिसतो. ओंकार शाळेत असल्यापासून रायफल क्लबात जायचा. कागदावर छापलेली गोल चकती, तिच्या मधोमध भोक पाडायचं, बाकी काही नाही. आमच्या ओळखीतली मुलं बुद्धिबळाला जात, हा तिकडे जायचा. गणित उत्तम, हात स्थिर. कॉलेजचे फॉर्म भरायच्या वर्षी एका संध्याकाळी जेवताना त्यानं सांगितलं, "आय ऑलरेडी साइन्ड, आई." अविनाशनं, माझ्या नवऱ्यानं, हातातला चमचा ताटात ठेवला आणि विचारलं, "कुठे?" जणू मुलानं एखादं अपार्टमेंट भाड्यानं घेतलं होतं. ओंकार म्हणाला, "आर्मी, बाबा." मग आम्ही तिघांनी भात संपवला. भात टाकायची आमच्याकडे पद्धत नाही.

निघायच्या आधीच्या सुट्टीत तो गॅरेजमध्ये गेला, खोकी बाजूला सरकवली आणि भिंतीवर पेन्सिलीनं आडवी रेघ ओढली. म्हणाला, "आल्यावर इथे बेंच. रीलोडिंग सुरू करायचं. तू सामान पिक कर, आई. यू आर गुड ॲट दॅट."

ते खरं आहे. मी बायोटेक कंपनीत क्वालिटीचं काम करते. यंत्रं तपासणं, वजनकाटे बरोबर आहेत ना ते बघणं, चार पुरवठादारांतून एक निवडणं. घरातही राइस कुकरपासून मिनीव्हॅनपर्यंत प्रत्येक वस्तू मी तीन रकान्यांतून आणलेली आहे : आत्ता हवं, नंतर बघू, नकोच. तेव्हा मुलानं जाताना जे सांगितलं ते करायला घेतलं. तो परत येईल तेव्हा सगळं तयार असायला हवं, एवढं मला समजत होतं. तो परत येईल का, या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं.

बेलव्ह्यूला कोणाकडे तरी पॉटलक होता, प्रत्येकीनं एकेक पदार्थ करून न्यायचा, तिथे हे उघड झालं. मी सहज बोलून गेले की या शनिवारी प्रेस बघायला जायचंय.

"कपड्यांची प्रेस?" माझ्या मैत्रिणीनं, शुभदानं विचारलं.

"काडतुसांची."

 मग एकीनं हसत म्हटलं, "म्हणजे आता गॅरेजमध्ये दारूगोळा! तुझ्याकडे जेवायला यायचं की नाही गं आम्ही?"

"ये की. चुलीपासून लांब ठेवीन."

"पण नीला, जाऊ कसं दिलंत तुम्ही त्याला? मॅथ्स किती छान होतं त्याचं!" शेजारची म्हणाली.

"त्यानं विचारलं नव्हतं."

"विचारलं नाही म्हणून काय झालं? आमच्या रोहनला मी..." ती बोलत राहिली. माझं लक्ष तिच्या हातातल्या पुलावाच्या चमच्यावर होतं. तो अर्धवट भरलेला होता आणि गालिच्यावर सांडणार होता. सांडला. मी ओला टिश्यू आणला.

त्या दिवसांत माझं सगळं असंच चाललेलं होतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिली की ओठ जसा होतो, आपलाच, जागच्या जागी, बोट लावलं तर बोटाला कळतं पण ओठाला कळत नाही. मी ऑफिसला जात होते. डबे भरत होते. अविनाश बोलेनासा झाला होता. तोही कामावर जायचा, यायचा, टीव्हीवरच्या बातम्या आवाज बंद करून बघायचा. आवाज नसला की बातमी निम्मीच खरी असते, असं काहीतरी त्याचं असावं. मी विचारलं नाही.

काडतुसं भरणं म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण मलाही तेव्हा कोणीतरी सांगावं लागलं. गोळी झाडली की पुढचं शिसं निघून जातं, आतली दारू जळते, आणि पितळेची नळी मागे उरते. तिला आपण पुंगळी म्हणतो. लोक ती तिथेच टाकून जातात. पण पुंगळी चांगली असते. धुवायची, साच्यात दाबून पूर्वीच्या मापाला आणायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, मोजून दारू घालायची, वर नवं शिसं दाबायचं. दह्याचे रिकामे डबे धुऊन फडताळात रचणाऱ्या बाईला यात नवल वाटायचं कारण नाही. मला पहिल्यांदा ऐकल्यावर वाटलं ते इतकंच, की हे आपल्याला जमेल.

सांगणारे होते डॉक्टर वानखडे काका. मूळचे अमरावतीकडचे, आमच्या कितीतरी आधी इथे आलेले. पर्वतापलीकडच्या, पूर्व वॉशिंग्टनमधल्या एका लहानशा गावात ते आयुष्यभर डॉक्टर होते. गावात भारतीय म्हटलं तर ते आणि काकू. एका पेशंटनं बरं झाल्यावर त्यांना रायफल भेट दिली. दुसऱ्यानं ती चालवायला शिकवली. मग दर हिवाळ्यात त्यांच्या फ्रीझरमध्ये एल्क हरणाचं मांस. काकू त्याचा काळा मसाला घालून रस्सा करत, आणि म्हणे गावचा पाद्री थाळी घेऊन दारात उभा राहायचा. काकू गेल्यावर काका मुलीजवळ म्हणून बॉथेलला राहायला आले. पॉटलकमधली माझी प्रेसची गोष्ट दोन दिवसांत त्यांच्या कानावर गेली आणि त्यांचा फोन आला.

"काय वं नीलाबाई, दारूगोळ्याचा कारखाना काढून राहिली म्हणते?"

"अजून काढला नाही, काका. माहिती गोळा करतेय."

"मंग माहितीच गोळा करशील वर्षभर. शनिवारी तयार राहा. मी येतो. गाडी तू चालव, माझी पोरगी मला हायवेवर जाऊ देत नाही."

दुकान एव्हरेट गावाच्या बाजूला होतं. मासेमारीच्या गळांच्या मागे, रबरी बुटांच्या पलीकडे, एक लांब कपाट. प्रत्येक कंपनीचा एक रंग. हिरवी यंत्रं, लाल यंत्रं, निळी यंत्रं. गिऱ्हाइकंही रंगावरून भांडत होती. मी वही काढली. काकांनी ती मिटवून माझ्या पर्समध्ये घातली.

"हे बघ. हे निळं यंत्र. दांडा ओढला की सगळी कामं एकदम होतात, तासाभरात शेकड्यानं काडतुसं पडतात. हे घेशील?"

"वेळ वाचेल."

"तुले वेळ वाचवायचाय?"

मी विचार केला. नाही, मला वेळ वाचवायचा नव्हता. वेळ वाचला तर तो ठेवायचा कुठे, हा माझा मोठा प्रश्न होता.

"मंग हे घे," म्हणत त्यांनी हिरव्या रंगाच्या साध्या प्रेसवर हात ठेवला. लोखंडाची जाड कमान, एका बाजूला लांब दांडा, बस. दांडा एकदा ओढला की एकच काम. आधी सगळ्या पुंगळ्यांचं ते एक काम करायचं, मग साचा बदलायचा, मग सगळ्यांचं पुढचं. "यात चूक डोळ्याले दिसते. घाईच्या यंत्रात चूकही घाईनं होते."

वजनकाट्यापाशी मात्र मी त्यांना बोलू दिलं नाही. ते माझं क्षेत्र. आकडे दाखवणारा इलेक्ट्रॉनिक काटा स्वस्त होता, सुटसुटीतही होता. पण थंड गॅरेजमध्ये, ट्यूबलाइटखाली, असे काटे हळूहळू सरकतात, हे मी ऑफिसात रोज बघत होते. मी दांडीचा काटा घेतला, आणि तपासायची वजनं वेगळी. दांडी डोलते, डोलते, मग थांबते. ती थांबेपर्यंत दुसरं काहीच करता येत नाही. ते मला पसंत पडलं. काका म्हणाले, "बरोबर. काट्यात कंजुषी करू नये. बाकी सगळ्यात कर." मग कपाटातून त्यांनी प्लास्टिकचा एक जाडजूड हातोडा काढला.

"आणि हा आजच घ्यायचा."

"हा कशाला?"

"चुकीचं भरलेलं काडतूस उघडायले. याच्या डोक्यात ते अडकवायचं, जमिनीवर ठोकायचं, शिसं सुटून येते. मी पहिल्या वर्षी नव्हता घेतला. मले वाटायचं, मी डॉक्टर हाय, मी कसा चुकीन?"

पुंगळ्या घासायच्या यंत्रावरून आमचं खरं भांडण झालं. त्यात अक्रोडाच्या कवचाचा भुगा घालतात आणि ते तासन् तास थरथरत बसतं. मी म्हटलं, पितळ आहे ना, चिंच लावते. त्यांना खोटं वाटलं म्हणून त्याच संध्याकाळी क्लबातून आणलेल्या मूठभर पुंगळ्या मी बादलीत चिंचेच्या कोळात टाकल्या, आणि खरंच देवघरातल्या समईसारख्या निघाल्या. काका हसून हसून खोकले. मग एकदम डॉक्टर झाले. "बादली कोठची? स्वयंपाकघरातली? फेक ती. जळक्या टिकलीत शिसं असते. आजपासून यातली एक वस्तू घरात नाही जायची, आणि हात धुतल्याबिगर तू कणकेले हात नाही लावायचा." मी बादली फेकली. थरथरणारं यंत्र 'नकोच'मधून 'आत्ता हवं'मध्ये गेलं. त्याची घरघर मला पुढे इतकी सवयीची झाली की ते बंद झालं की मी उठून बघायची, काय झालं म्हणून.

आता एक गोष्ट, जी त्या वेळी मी कोणालाच धड सांगितली नाही.

ओंकार गेल्यावर सैन्यानं आम्हा सगळ्या घरच्यांची एक बैठक घेतली होती. तिथे समजावून सांगितलं होतं, की जखमी झाल्याची खबर फोनवर येते. दुसरी खबर फोनवर येत नाही. ती सांगायला गणवेशातली माणसं घरी येतात. त्यामुळे फोन वाजला तर मी उचलत होते, अगदी सहज. दारावरच्या बेलचं तसं नव्हतं.

दुकानात त्या दिवशी प्रेस शिल्लक नव्हती, म्हणून त्यांनी घरी पाठवली. चार दिवसांनी दुपारी मी घरून काम करत होते. बेल वाजली. दाराच्या धुरकट काचेतून टोपी दिसली, खांद्यावर पट्टी असलेला शर्ट दिसला. मी उठले, गॅस बंद आहे ना ते बघितलं, चप्पल घातली आणि दार उघडलं. सामान पोहोचवणारा मुलगा होता. "हेवी वन, मॅम," म्हणाला. मी सही केली. खोक्याचा एक कोपरा चेपला होता, ते त्याला दाखवलं. तो सॉरी म्हणाला, मी म्हटलं, चालेल, आतलं लोखंड आहे. दार लावलं. मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले. त्या खोक्याशेजारी किती वेळ होते ते मला माहीत नाही. रडू वगैरे काही आलं नाही. उठले तेव्हा पाय बधिर झाले होते, एवढंच.

दुसऱ्या दिवशी अविनाशनं शिडी आणून बेलची तार काढून ठेवली. मी सांगितलं नव्हतं.  ओळखीच्या सगळ्यांना मी कळवून टाकलं, की बेल बिघडली आहे, दारात आलात की फोन करा. आणि त्यानंतरचं एकूण एक सामान, साचे, पुंगळ्या उभ्या करायचे लाकडी ठोकळे, बारीक मापाची कॅलिपर, दारू चिमटीचिमटीनं सोडायची ती लहानशी नळी, सगळं मी स्वतः गाडी काढून आणलं. घरपोच जे स्वस्त मिळत होतं तेही. रविवारच्या पावसात, वायपर सुरू ठेवून, एव्हरेटपर्यंत.

"शिपिंग वाचतं," मी काकांना सांगितलं.

"पेट्रोल?" ते म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं, आणि पुढच्या रविवारी सांगितल्याशिवाय गाडीत येऊन बसले.

दसरा आला. इथे सण शनिवारी येतात, मग तो दसरा मंगळवारी का असेना. काकांना जेवायला बोलावलं होतं. मी सकाळीच त्यांना आणायला गेले. परत आले तर गॅरेजचं दार अर्धं वर होतं आणि आतून उदबत्तीचा वास येत होता.

ओंकारच्या रेघेच्या उंचीवर बेंच अविनाशनंच केला होता, बोलता बोलता नव्हे, न बोलता. आता त्या बेंचवर त्यानं स्वच्छ टॉवेल अंथरला होता. प्रेसला हळदकुंकू लावलं होतं, दांड्याला झेंडूची माळ. काट्याला कुंकू, साच्यांना कुंकू, हातोड्यालाही. आणि मधोमध, तुपाचं निरांजन, ज्योत छान उभी. बेंचखालच्या फळीवर दारूचे डबे आणि टिकल्यांची खोकी.

मी काही करायच्या आत काकांनी त्यांच्या वयाला न शोभणारी उडी घेतली आणि ज्योत चिमटीत विझवली. मग उदबत्ती उचलून बाहेर पावसात नेऊन धरली. परत येऊन ते टेकले आणि श्वास मिळाल्यावर म्हणाले, "अविनाश, बाप्पा, तू कॉम्प्युटरवाला नं? कॉम्प्युटरची पूजा करत जा. तो फुटत नाही."

मला हसू आलं. अविनाशला आलं नाही. तो टॉवेलाचा कोपरा सरळ करत होता.

"शस्त्रांची करतात ना आज," तो म्हणाला. "त्याच्या हातात जे आहे त्याची मला इथून करता येत नाही. म्हणून म्हटलं, जे आहे त्याची."

कित्येक आठवड्यांत तो इतकं बोलला नव्हता. काकांनी डबे आणि खोकी एकेक करून उचलली आणि अंगणाच्या टोकाच्या शेडमध्ये नेऊन ठेवली. मग खिशातून लायटर काढून निरांजन पुन्हा स्वतःच लावलं. आम्ही तिघं उभे राहिलो. आरती कोणती म्हणायची, कोणालाच सुचलं नाही, म्हणून नुसते उभे राहिलो. आपट्याची पानं नव्हती. काकांनी अंगणातलं मेपलचं एक ओलं, पिवळं पान उचलून अविनाशच्या हातावर ठेवलं. "सोनं घे," म्हणाले. "आणि जेवायले वाढा. श्रीखंड वाट पाहून राहिलं."

तो हिवाळा मी काडतुसं भरली नाहीत. पुंगळ्या घासल्या, मापात आणल्या, कडा सारख्या कापल्या, ठोकळ्यांत ओळीनं उभ्या केल्या. दारू घालायची नाही, असं मी ठरवलं होतं. ते त्याचं काम. त्याच्यासाठी ते शेवटचं ठेवलं होतं. शुभदा एकदा आली, दारातून फोन केला, आणि त्या चकाकत्या रांगा बघून म्हणाली, "किती सुंदर गं! पण तुला याचा त्रास नाही होत? म्हणजे... तिकडेही हेच..." मी म्हटलं, हो, हेच. त्रास होतो का, ते मी खरंच तपासून बघितलं. बोट लावलं. कळलं नाही.

आणि तो आला. पुढच्या वर्षी पानं पिवळी होत होती तेव्हा. लष्करी तळावरच्या मोठ्या हॉलमध्ये सगळे रांगेत उभे, वर झेंडे, बँड. शेजारची अनोळखी बाई माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि तिच्या खांद्यावरून ओंकारला बघत राहिले. दोन्ही कान, दोन्ही हात. चालताना पाय ओढत नव्हता. एवढं बघून झाल्यावर पुढे काय करायचं असतं ते मला माहीत नव्हतं. तो जवळ आला, वाकला, नमस्कार केला. मी विचारलं, "जेवलास का?" तो म्हणाला, "आई, इट्स टेन इन द मॉर्निंग."

लोकांनी पेढे वाटा म्हटलं, मी वाटले. "आता झोप लागत असेल नाही?" असं विचारलं, मी हो म्हटलं. खरं तर काही सुटलं, मोकळं झालं, असं झालंच नाही. सुईचा अंमल उतरताना आधी मुंग्या येतात, मग दुखतं. मी मुंग्यांची वाट बघत राहिले.

गॅरेजमध्ये तो आठवडाभर गेला नाही. मग एका सकाळी गेला. बेंचवरून हात फिरवला. दांडीच्या काट्यापाशी थांबला. "यू गॉट द गुड स्केल," म्हणाला. माझ्या नोकरीत मला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळालेलं नाही. आम्ही दोघांनी मिळून पहिली काडतुसं भरली. तो क्लबात गेला, थोडी झाडली, आणि रायफल पिशवीत घालून परत आला.

"नेम चुकला?" अविनाशनं विचारलं.

"नो, बाबा. आय जस्ट... मला फक्त भरायला आवडेल. इट्स क्वाएट."

तेव्हापासून तो भरायचा आणि काका झाडायचे. काका म्हणायचे, इतकी एकसारखी काडतुसं त्यांनी आयुष्यात झाडली नाहीत, आणि नेम चुकला तर आता दोष द्यायला कोणी उरलं नाही. दोन वर्षांपूर्वी मुलीची बदली झाली आणि ते तिच्याबरोबर टेक्सासला गेले. ओंकार स्पोकेनला शिकतो, बांधकामाचं. प्रेस इथेच आहे. सुट्टीत येतो तेव्हा तासभर बसतो.

परवा, मी पन्हळीतली पानं काढत असताना त्याचा फोन आला. शिडीवरच घेतला.

"आई, टायलरला रीलोडिंग सुरू करायचंय. काय काय घ्यावं? तू लिस्ट दे ना."

टायलर त्याच्या तुकडीतला. नाव मला माहीत होतं, कधी भेट नव्हती. मी म्हटलं, सोपं आहे, साधी प्रेस, दांडीचा काटा...

"वेट. त्याला डावा हात नाहीये. एल्बोच्या खाली. कुठलं सामान एका हातानं चालेल?"

मी शिडीवरून खाली उतरले. "कधी?" विचारलं.

"तेव्हाच. आमच्या शेवटच्या महिन्यात."

"तू बोलला नाहीस."

"यू डिडन्ट आस्क, आई." मग मराठीत, "तो आता याकिमाला असतो. त्याच्या मॉमबरोबर."

मी म्हटलं, बघून सांगते. पुस्तकात हे नसतं, दुकानातही कोणी सांगत नाही. करून बघणं हाच एक मार्ग. मी स्वेटशर्टाच्या पुढच्या खिशात डावा हात घातला, तो काही झालं तरी बाहेर काढायचा नाही असं ठरवलं, आणि बेंचपाशी बसले.

पुंगळी प्रेसमध्ये ठेवायची, मग त्याच हातानं दांडा ओढायचा. जमलं. साचा बदलायचा, वेळ लागला पण जमलं. टिकली बसवायचं हातातलं चिमट्यासारखं अवजार जमेना, त्यातच पुंगळी धरायला दुसरा हात लागतो. ते नको, टिकली प्रेसवरच बसवायची. काटा जमला, दारू ओतायचं यंत्र जमलं, फक्त ते बेंचला स्क्रूनं घट्ट हवं. डबा दोन गुडघ्यांत धरून झाकण उघडलं. सगळं एकेक करून तपासत मी शेवटच्या पायरीवर आले. पुंगळीच्या तोंडावर शिसं उभं ठेवायचं आणि दांडा ओढून ते आत दाबायचं. ते उभं राहतं, पण दांडा हलला की कलंडतं. त्याला शेवटपर्यंत बोटांचा आधार लागतो. उजव्या हाताची बोटं दांड्यावर असतात. मी ठेवलं, ओढलं, पडलं. ठेवलं, ओढलं, पडलं. ते घरंगळत जमिनीवर जायचं, मी वाकून उचलायची, पुन्हा ठेवायची.

अविनाश चहा घेऊन आला. बघत उभा राहिला. माझ्या खिशातल्या हाताकडे बघितलं, मग काय चाललंय ते त्याला कळलं असावं, कारण त्यानं एवढंच विचारलं, कोणासाठी? मी टायलरचं आणि त्याच्या आईचं सांगितलं. कप ठेवला आणि दोन बोटांनी ते शिसं पुंगळीवर अलगद धरलं.

"ओढ."

"सोड, अविनाश. असं नाही चालणार. त्याच्याकडे कोण धरणार आहे?"

त्यानं सोडलं नाही. "त्याची आई आहे म्हणालीस ना घरात," तो म्हणाला. "ती धरेल."

मी दांडा ओढायला हवा होता. हात दांड्यावरच होता. पण खिशातल्या हाताला मुंग्या आल्या होत्या, दंडापर्यंत, मग खांद्यापर्यंत, आणि दुखायला लागलं होतं. इतका वेळ दुमडून ठेवल्यानं असेल. मला ती बाई दिसत होती, याकिमाच्या कुठल्याशा गॅरेजमध्ये, मुलाच्या शेजारी वाकलेली. तिला नीट दिसावं म्हणून मी डोळे पुसले, तर ते पुसून होईनात. अविनाश तसाच उभा होता, शिसं धरून.

संध्याकाळी ओंकारला फोन केला आणि ओळीनं सगळं सांगितलं. साधी प्रेस, हिरवी किंवा लाल, कुठलीही. दांडीचा काटा, त्यात कंजुषी नको. टिकली प्रेसवरच. दारूचं यंत्र स्क्रूनं बसवलेलं. शिसं बुडाशी निमुळतं असलेलं घ्यायचं, ते जरा बरं उभं राहतं. तो लिहून घेत होता, मला पेन्सिलीचा आवाज येत होता.

"ओके. दॅट्स इट?"

"स्टूल दोन घ्यायला सांग."

"दोन? व्हाय?"

"एक त्याच्या आईला. उभं राहून कंबर धरते."